पक्ष्यांचा हिशेब ठेवणारे डॉ. सालिम अली

आश्विन सरत आला व ज्वारीच्या कणसांत दाणा भरूं लागला कीं आमच्या नांदुऱ्याच्या शिवारांत भोरड्यांचे थवे उतरतात. शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो, पोरें डबे बडवितात, आणि तो काळा-गुलाबी ढग एका शेतांतून उठून दुसऱ्यांत जाऊन बसतो. पूर्वींइतकी ज्वारी आतां राहिली नाहीं. कापूस व सोयाबीन यांनीं तिची बरीच जागा घेतली. तरीहि भोरड्या यावयाच्या त्या येतातच. मध्य आशियाच्या माळरानांकडे त्यांची वीण होते. तेथून फार लांबची मजल मारून त्या इकडे हिंवाळा काढतात, व उन्हाळा तापूं लागला कीं नाहींशा होतात. हा येण्याजाण्याचा क्रम आपण सर्वच पाहतों. परंतु यंदां पहिला थवा कोणत्या तारखेस आला, गेल्या सालापेक्षां तो मोठा होता कीं लहान, हें आपणांपैकीं कोणीं लिहून ठेविलें आहे काय? आम्हीं तरी ठेविलें नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. ज्या पुरुषाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे त्यानें आपल्या आयुष्याचीं सत्तरांच्या आसपास वर्षें असल्याच टांचणांत घालविलीं, आणि आपल्या देशांतील पक्ष्यांविषयीं आज जें कांहीं खात्रीनें सांगतां येतें त्याचा मोठा भाग त्याच्या वह्यांतून आलेला आहे.

सालिम मोइझुद्दिन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईस एका सुलेमानी बोहरा कुटुंबांत झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. एक वर्षाचे असतांना वडील वारले, तीन वर्षांचे असतांना आईहि गेली, आणि ह्या पोरक्या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दिन तय्यबजी व मामी हमिदा बेगम यांनीं खेतवाडींतील आपल्या घरीं केला. मामा शिकारीचे शौकी. भाच्याच्या हातीं हवेची एक खेळांतली बंदूक आली, व दहा वर्षांचा सालिम ती घेऊन चिमण्या टिपीत हिंडूं लागला. एके दिवशीं पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर हळद लागल्यासारखा पिवळा डाग दिसला. ही नेहमींची घरचिमणी नव्हे. मग कोणती, तें घरांत कोणासच सांगतां येईना. मामांनीं त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे पाठविलें.

त्या काळीं गोऱ्या साहेबाच्या कचेरींत मेलेली चिमणी घेऊन शिरणें हें लहान मुलास सोपें नव्हतें. मिलर्ड यांनीं त्याला हंसून वाटेस लाविलें असतें तर हें चरित्र येथेंच संपलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. पक्षी ओळखून त्याचें नांव सांगितलें, कपाटांचे खण उघडून जतन करून ठेविलेले पक्षी दाखविले, वाचावयास पुस्तकें दिलीं. त्यांत मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील, ईहा ह्या टोपणनांवानें लिहिलेलें एक पुस्तक होतें. हे ईहा म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. स्कॉटलंडांतून आलेल्या एका मिशनऱ्याच्या घरीं साताऱ्यास जन्मलेले, व १८८३ सालीं ज्या आठ गृहस्थांनीं ही सोसायटी स्थापन केली त्यांतले एक.

मिशनच्या शाळेचा संबंध खुद्द सालिमशींहि आहे. त्याचें प्राथमिक शिक्षण गिरगांवांत झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेंत, दोन बहिणींच्या सोबतीनें झालें. पुढें तो सेंट झेवियर्समध्यें गेला. आमच्या वाचकांत कोणी परीक्षेच्या धास्तीनें खचलेला असेल तर पुढील हकीकत त्यानें सावकाश वाचावी. तेराव्या वर्षाच्या सुमारास सालिमला डोकेदुखी जडली, शाळा वरचेवर बुडूं लागली, हवापालटासाठीं सिंधेंत नातलगांकडे पाठवावें लागलें, आणि १९१३ सालीं मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पदरांत पडली. कॉलेजचें पहिलें वर्षहि झेपेना. तेव्हां त्याची रवानगी ब्रह्मदेशांत टव्हॉय येथें घरच्या खाणीचा व इमारती लाकडाचा धंदा पाहण्यास झाली. धंदा पाहावयाचा तो बाजूस राहिला व भोंवतालचें रान हातीं लागलें!

१९१७ सालीं मुंबईस परत आल्यावर त्यांनीं व्यापारी कायदा व हिशेब शिकण्यासाठीं दावर यांच्या कॉलेजांत नांव घातलें. जमाखर्चांत त्यांचें मन नाहीं हें सेंट झेवियर्समधील जेझुइट पाद्री व नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनीं ओळखलें आणि त्यांस प्राणिशास्त्राकडे वळविलें. सकाळीं हिशेब व त्यानंतर प्राणी, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. आम्हांस वाटतें, दोन्ही अभ्यास पुढें एकाच कामीं आले. डिसेंबर १९१८ मध्यें तेहमिना नांवाच्या दूरच्या नात्यांतील मुलीशीं त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी मात्र त्यांना मिळाली नाहीं, व ह्या एका उणिवेमुळें झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ह्या सरकारी खात्यांतील पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोनच वर्षांत शिकण्याची ओढ त्यांस जर्मनीस घेऊन गेली. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयांत प्राध्यापक एर्विन स्ट्रेसमान हे त्यांना गुरु लाभले. उत्तर समुद्रांतील हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचें काम चाले. तेंहि त्यांनीं तेथें जाऊन पाहिलें व शिकलें. १९३० सालीं ते मायदेशीं परतले, तों पैशाच्या तुटीमुळें म्यूझियमांतील त्यांची जागाच रद्द झाली होती.

नोकरी नाहीं, वय चौतिशीकडे झुकलेलें. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून हें जोडपें समुद्रापलीकडे अलिबागजवळ किहीम ह्या लहानशा गांवीं जाऊन राहिलें. घराजवळच सुगरण पक्ष्यांची एक वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते, आणि सुगरणींचा वीणीचा हंगामहि तोच. सालिम अली आडोसा करून रोज तासन् तास त्या घरट्यांसमोर बसूं लागले. आपल्या शेजारच्या खानदेशांत, जळगांवाजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनीं सुगरणीच्या खोप्यावर गाणें केलें आहे व तें वऱ्हाडांतहि घरोघर ठाऊक आहे. त्या गाण्यांत खोपा विणते ती पक्षीण. किहीमच्या टांचणांत मात्र निराळीच गोष्ट उतरली. विणणारा नर असतो. घरटें अर्धें झालें कीं माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीस पसंत पडलें तर ती तेथें बिऱ्हाड थाटते, न पडल्यास तें तसेंच लोंबकळत राहतें. पहिली मादी अंड्यांवर बसली कीं हा गृहस्थ शेजारीं दुसरें घरटें विणावयास घेतो आणि दुसरी मादी मिळवितो. हा क्रम इतक्या स्पष्टपणें पूर्वीं कोणीं मांडला नव्हता. आम्हांस बहिणाबाईंचें गाणें तितकेंच गोड वाटतें. तथापि पक्षी पाहणें म्हणजे काय, तें ह्या उदाहरणावरून कळावें.

यानंतर त्यांनीं देशी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचें काम अंगावर घेतलें. संस्थानिकांनीं खर्च सोसावा व ह्यांनीं रानोमाळ हिंडावें, असा तो प्रकार. १९३१-३२ मध्यें हैदराबाद, १९३३ मध्यें त्रावणकोर-कोचीन, व पुढें ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. हैदराबाद संस्थानाची सरहद्द तेव्हां आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण कडेस भिडलेली होती, कारण मराठवाडा त्या संस्थानांत मोडे. कधीं बैलगाडी, कधीं पायवाट, तंबूंत मुक्काम. मुक्कामाची सारी व्यवस्था तेहमिनाबाई पाहत. टिपलेल्या प्रत्येक पक्ष्याचें कातडें सोलून भरावयाचें, त्याच्या पायास चिठ्ठी बांधून जागा, तारीख, नर कीं मादी, हें सर्व लिहावयाचें, असा रोजचा नेम होता.

टिपलेल्या, असा शब्द आम्हीं वर वापरला आहे. पक्षिरक्षणासाठीं जन्म वेंचणाऱ्या ह्या पुरुषानें हजारों पक्षी मारले, ही गोष्ट लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. त्यांनीं स्वतःहि ती कधीं लपविली नाहीं. त्या काळीं पक्षी हातांत घेऊन मोजमाप केल्यावांचून त्याची जात निश्चित करतां येत नसे, आणि रक्षण कशाचें करावयाचें हें ठरविण्यास आधीं यादी हवी होती. म्हणून बंदूक त्यांनीं उगाच बार काढण्यासाठीं वापरली नाहीं. तरीहि कोमल मनाच्या वाचकास हें खटकल्यास आम्ही त्याला दोष देणार नाहीं.

१९३९ सालीं एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाई वारल्या. मूलबाळ नव्हतें. पुढें सालिम अली आपली बहीण कमू व मेहुणे हसन यांच्याजवळ राहिले. कामाशिवाय दुसरा विसांवा त्यांना उरला नाहीं असें दिसतें. १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें सचित्र इंग्रजी पुस्तक निघालें, आणि जें ज्ञान तोंवर साहेब लोकांच्या जाड ग्रंथांत कोंडलेलें होतें तें सामान्य वाचकाच्या झोळींत मावूं लागलें. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. स्वातंत्र्यानंतर सोसायटीची आर्थिक स्थिति खालावली, तेव्हां पंतप्रधान नेहरूंना लिहून त्यांनीं तिच्यासाठीं मदत मिळविली.

आतां कड्यांविषयीं. १९२६ च्या सुमारास धारच्या महाराजांनीं सोसायटीच्या विद्यमानें बदकांच्या पायांत कडीं घालण्यास आरंभ केला होता, पण तें काम लहान प्रमाणावर चाले. त्याला मोठें स्वरूप आलें तें एका रोगामुळें! १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें पटापट मरूं लागलीं व माणसांस तापानें पछाडलें. हा रोग गोचिडांपासून होतो, व त्याचें रशियांतील एका रोगाशीं साम्य आहे, असें दिसून आलें. रशियांतून हिंवाळ्यांत येणारे पक्षी तर ह्या गोचिडी आणीत नसतील ना, अशी शंका निघाली. पक्षी खरोखर कोठून येतात हें कळल्यावांचून तिचें उत्तर मिळणार नव्हतें. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें सालिम अलींनीं हें काम हातीं घेतलें.

कामाची तऱ्हा अशी. पहांटे तलम जाळीं लावावयाचीं. अडकलेला पक्षी इजा न होतां सोडवून त्याचें वजन, पंखांची लांबी, पिसें टाकलीं आहेत कीं नाहींत, हें लिहावयाचें. अंगावर गोचीड असल्यास ती बाटलींत घालावयाची. मग क्रमांक व सोसायटीचा पत्ता कोरलेलें हलकें कडें पायांत बसवून त्यास उडवून द्यावयाचें. जाळीं लावण्यास त्यांनीं बिहारांतील मिरशिकार आणले. आमच्याकडील फासेपारध्यांसारखे हे पिढीजात पक्षी पकडणारे लोक. ज्या विद्येवर लोक नाक मुरडीत होते तीच येथें शास्त्राच्या उपयोगीं पडली. हजारों कडीं घालावीं तेव्हां थोड्यांचा पत्ता लागे. कोठें तरी सैबेरियांत किंवा कझाकस्तानांत एखाद्यास तें कडें सांपडे, तो क्रमांक कळवी, आणि मुंबईच्या वहींतील एका ओळीसमोर दुसरी ओळ लिहिली जाई. अशा ओळी जुळून जुळून आकाशांतल्या वाटा कागदावर उमटल्या. आज ह्याच कामास उपग्रहाशीं बोलणारीं यंत्रें वापरतात. २०१९ च्या अखेरीस विदर्भांतील टिपेश्वरच्या रानांतून निघालेला गळपट्टेवाला वाघ कित्येक महिन्यांची पायपीट करून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचल्याची बातमी सर्वांनीं वाचलीच असेल. त्याचा गळपट्टा हा त्या कड्याचाच धाकटा भाऊ. पाणपक्ष्यांची दर जानेवारींत होणारी आशियाई शिरगणतीहि १९८७ सालीं सुरू झाली, व आपल्या देशांत ती सोसायटीच्या सहकार्यानें चालते. ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या तळ्यांवर जाऊन पक्षी मोजणें, एवढेंच तिचें स्वरूप. पण तें दरवर्षीं व्हावें लागतें.

भरतपूरचें प्रकरण थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण त्यांत सालिम अलींचें कर्तृत्व व त्यांची चूक दोन्ही आहेत. राजस्थानांतील हें उथळ तळें म्हणजे तेथील महाराजांची बदकांच्या शिकारीची जागा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठीं भरविलेल्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. हा आंकडा तेथें दगडावर अभिमानानें कोरून ठेविलेला आहे. योगायोग असा कीं त्याच दिवशीं सालिम अलींना ४२ वर्षें पूर्ण झालीं. स्वातंत्र्यानंतर तळें मोडून तेथें शेती करावी अशी मागणी उठली, तेव्हां त्यांनीं दिल्लीपर्यंत गाऱ्हाणें नेलें व तळें वांचलें. पुढें तें राष्ट्रीय उद्यान ठरलें. उद्यानांत गांवच्या म्हशी चरत. त्या बंद कराव्या असें जाणत्यांचें मत पडलें, आणि सालिम अलींचेंहि तेंच मत होतें. १९८२ च्या नोव्हेंबरांत चराई बंद झाली. गांवकरी चवताळले, पोलिसांचा गोळीबार झाला व कांहीं माणसें प्राणास मुकलीं.

सोसायटीच्या शास्त्रज्ञांनीं भरतपूरच्या पाण्याचा, गवताचा व पक्ष्यांचा दहा वर्षांचा अभ्यास १९८० सालींच हातीं घेतला होता. म्हशी गेल्यानंतरहि मोजणी चालू राहिली, व वहींतले आंकडे उलटेच बोलूं लागले. म्हशी होत्या तोंवर त्या पाण्यांतलें गवत खाऊन तळें मोकळें ठेवीत. त्या गेल्यावर गवत माजलें, उघडें पाणी आटोपलें, आणि कित्येक पाणपक्ष्यांना जागा अपुरी पडूं लागली. ज्या संस्थेला सालिम अलींनीं वाढविलें तिनेंच, त्यांनीं रुजविलेल्या पद्धतीनें, त्यांचें मत चुकलें होतें असें छापून प्रसिद्ध केलें. आम्हांस ह्यांत त्यांची मानहानि दिसत नाहीं. मात्र ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं त्यांच्या हातीं हा अहवाल फार उशिरां आला, हेंहि लिहून ठेवणें भाग आहे. आणखी एक आंकडा त्याच तळ्याचा. सैबेरियांतून येणारे पांढरे करकोचे १९६४-६५ च्या हिंवाळ्यांत तेथें सुमारें २०० मोजले गेले होते. दरसालची संख्या उतरत गेली, आणि २००२ सालीं शेवटची जोडी दिसली.

चुकीची नोंद एक वेळ पुढल्या मोजणीनें दुरुस्त होते. खोट्या नोंदीचें तसें नाहीं. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन नांवाचे एक इंग्रज पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे परिचित होते. १९३७ सालीं दोघांनीं अफगाणिस्तानांत बरोबर प्रवासहि केला. कर्नलसाहेबांनीं आपल्या रोजनिशींत ह्या हिंदी सोबत्याविषयीं, व एकंदर हिंदी लोकांविषयीं, बरेंच तुच्छतेचें लिहिलें होतें. सालिम अलींना तें पुढें वाचावयास मिळालें, तेव्हां त्यांनीं न चिडतां तें आपल्या १९८५ सालच्या आत्मचरित्रांत छापून टाकलें! परंतु कर्नलसाहेबांचा मोठा अपराध निराळाच होता, व तो सालिम अलींना शेवटपर्यंत कळला नाहीं. रानपिंगळा नांवाचें लहानसें घुबड एकोणिसाव्या शतकांत छत्तीसगड व खानदेश येथें मिळालें होतें. १८८४ नंतर तें कोणास सांपडलें नव्हतें. माइनर्ट्झहागेन यांनीं मात्र १९१४ सालीं गुजरातेंत मांडवी येथें तें मिळाल्याचें सांगून नमुनाहि दाखविला. रानपिंगळ्याचा शोध घेणारांत सालिम अली व अमेरिकेचे डिलन रिप्ले हेहि होते; त्यांना तो मिळाला नाहीं. ह्याच दोघांनीं १९६८ ते १९७४ ह्या वर्षांत भारत व पाकिस्तानच्या पक्ष्यांवरील दहा खंडांचा मोठा ग्रंथ पुरा केला. पण ह्या पक्ष्याच्या पानावर भर घालण्यासारखें त्यांच्यापाशीं फारसें कांहीं नव्हतें.

मानसन्मान पुष्कळ झाले. १९५८ सालीं पद्मभूषण, १९७६ सालीं पद्मविभूषण, त्याच वर्षीं पॉल गेटी पारितोषिक, व १९८५ सालीं राज्यसभेचें सभासदत्व. पारितोषिकाची रक्कम त्यांनीं निसर्गरक्षणाच्या निधींत घातली. ज्यास एके काळीं पदवी नाहीं म्हणून जागा नाकारली गेली त्यास विद्यापीठांनीं आपण होऊन डॉक्टर केलें. केरळांतील सायलेंट व्हॅलीचें रान धरणाखालीं जाऊं नये म्हणून झालेल्या चळवळींतहि त्यांच्या शब्दास वजन होतें. २० जून १९८७ रोजीं, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

त्यानंतर दहा वर्षांनीं पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषींनीं विलायतेंतील संग्रहालयांत माइनर्ट्झहागेन यांच्या नमुन्याची तपासणी केली. तो रानपिंगळा गुजरातेंतला नव्हताच. खानदेशांत डेव्हिडसन नांवाच्या अधिकाऱ्यानें जुन्या काळीं मिळविलेला नमुना संग्रहालयांतून चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती. खोटी जागा यादींतून खोडली, खऱ्या जागा उरल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं खानदेशांत शहाद्याजवळ भर सकाळीं एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. पुढील वर्षांत तो मेळघाटांतहि सांपडला. नांदुऱ्याहून उत्तरेस पूर्णा ओलांडून जळगांव जामोद व संग्रामपूरच्या पलीकडे गेलें कीं सातपुड्याची जी रांग लागते, त्याच रांगेंत पूर्वेकडे मेळघाट आहे. हें घुबड दिवसां उजेडीं हिंडतें.